नुसते बसा, बोलू नका

वारूळवाडी कुठं संपते आणि नारायणगाव कुठं सुरू होतं, हे घरपट्टीची पावती पाहिल्याशिवाय आम्हालाही सांगता येत नाही. बाहेरच्या माणसाला तर वारूळवाडी ठाऊकच नसते. त्याला नारायणगाव माहीत असतं, तेही तमाशा आणि टोमॅटो या दोनच गोष्टींसाठी. पहिल्या गोष्टीची चौकशी तो आवाज खाली आणून करतो, दुसरीचा भाव खणखणीत आवाजात विचारतो.

करमणुकीच्या बाबतीत मात्र हा मुलूख कधी उपाशी राहिलेला नाही. हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं देतं. जत्रांचा हंगाम आला की इथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात, चहा पितात, तारखेवरून भांडतात आणि सुपारी ठरवून जातात. एकाच तिथीला पन्नास गावांच्या जत्रा आणि पन्नासही गावांना तोच फड हवा! ही वाटाघाट ज्यानं जवळून पाहिली, त्याला टीव्हीवरचं संसदेचं कामकाज मिळमिळीत वाटतं.

माझ्या लहानपणी जत्रेत तमाशाच्या शेजारी आणखी एक कनात असे, सिनेमाची. टुरिंग टॉकीज हे तिचं कागदोपत्री नाव, आम्ही नुसतं ‘तंबू’ म्हणायचो. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मधे दोरी, खाली माती. पाठ टेकायची तर मागच्या माणसाचे गुडघे होते. रीळ तुटलं की शिट्ट्या आणि जोडलं की पुन्हा शिट्ट्या. कधी ऑपरेटरकडून रिळांचा क्रम चुके. मग मागच्या रिळात वारलेली नायिका पुढच्या रिळात लग्नाला उभी राही, आणि कुणाची काही तक्रार नसे. उलट तिचं चांगलं झालं म्हणून बायका डोळे पुसत.

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, तरुणपणी एकही सिनेमा तिकीट काढून पाहिला नाही. ते पडद्याच्या मागच्या बाजूनं कनात उचलून पाहत. तिकडून चित्र उलटं दिसतं. त्यामुळे मुंबईतले झाडून सगळे नट डावखुरे असतात अशी त्यांची बरीच वर्षं ठाम समजूत होती. पुढं एकदा पडद्याच्या पुढच्या बाजूला बसायचा योग आला, तेव्हा नायक उजव्या हातानं तलवार चालवतोय हे पाहून हा नट नवशिका दिसतोय, असा शेरा त्यांनी मारला होता.

नंतर टीव्ही आला. गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणून रात्रभरात तीन सिनेमे दाखवायची पद्धत आली आणि गेली. मग घराघरावर डिश आली. डिशचं म्हणाल तर आमचा भाग त्यात पुढारलेला आहे. इथून जवळच खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत. जगभरातले शास्त्रज्ञ तिथं अवकाशातल्या रेडिओलहरी ऐकायला येतात. नाना पाहुण्यांना ती दुर्बीण कौतुकानं दाखवतात आणि शेवटी हळहळतात, “येवढाल्या तीस डिशा, आन् एकीवरबी पिच्चर लागत नाय.”

आणि मग मोबाइलवर, टीव्हीवर वाटेल तो सिनेमा वाटेल तेव्हा दिसू लागला. इथूनच घात झाला. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली, मधे उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रात परत उघडली, तोवर थिएटरात जायची आमची उरलीसुरली सवयही मोडली होती. सिनेमा आता आमच्या ताब्यात आला होता.

सिनेमा ताब्यात येणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या घरात पाहावं. रहस्यपट रंगात आला आहे. खलनायकानं पिस्तूल रोखलं आहे. तेवढ्यात थ्री फेज आली! खलनायकाला तसाच ताटकळत ठेवून मी विहिरीवर मोटर चालू करायला जातो. परत येतो तो कुकरच्या शिट्ट्या. त्या मोजून होतात तोवर आडत्याचा फोन. आडत्या ठेवतो तर मुलगी म्हणते, “पप्पा, मागे घ्या ना, माझं बघायचं राहिलं.” मागे घेतलं की बायकोला जांभई. उरलेला उद्या पाहू. उद्या पाहायला बसलं की पिस्तूल कुणी कुणावर का रोखलंय हे कुणालाच आठवत नाही, म्हणून पुन्हा सुरुवातीपासून. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट १९५९ साली लागला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. आमच्या घरात प्रत्येक सिनेमा त्याच वाटेवर होता.

हे असंच चालू राहिलं असतं. पण २०२३ चा जुलै आला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात टोमॅटोला कुणी विचारत नव्हतं. तोडणीची मजुरी सुटेना, म्हणून काहींनी उभ्या पिकात शेळ्या सोडल्या. आणि जूनअखेरीला भाव जो उठला तो थांबेचना. जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटनं दोन हजारांचा आकडा ओलांडला. लोक रात्री फडावर राखणीला जाऊ लागले. फड म्हणजे टोमॅटोचा. कालपर्यंत उधारी मागायला येणारा दुकानदार नमस्कार घालायला लागला. ज्यांनी हिंमत धरून बाग ठेवली होती, त्यांच्या चालण्यात फरक पडला.

त्याच सुमारास, ३० जूनला, केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी, त्यांचे रुसवेफुगवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. हा सिनेमा पुढं ‘सैराट’नंतर सर्वाधिक कमाई करणारा मराठी सिनेमा ठरला. अर्थतज्ज्ञांनी या दोन घटनांचा संबंध जोडलेला नाही. मी जोडतो. उन्हाळ्याच्या भावानं एका तिकिटाला चार कॅरेट मोजावी लागली असती. जुलैत एका कॅरेटात आठ बायका सिनेमा पाहू शकत होत्या. आमच्या आळीतल्या बचत गटाच्या बैठकीत हा हिशेब मांडला गेला, ठराव झाला, आणि एका दुपारी नऊवारी, नथ आणि काळे गॉगल अशा थाटात सगळ्या जणी भाड्याच्या जीपमध्ये बसून शहरात गेल्या. मागं राहिलेल्या पुरुषांनी त्या रात्री आपापल्या घरी पिठलं केलं. कुणाचंही कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

परत आल्या त्या निराळ्याच होऊन. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे दोन दोन श्रावण, म्हणजे मंगळागौरीच्या तालमीला सवड मुबलक. ज्या बाईला गुडघेदुखीमुळे चूल सोडून टेबल करावं लागलं होतं, ती अंगणात झिम्मा खेळताना दिसली. आठवडा उलटायच्या आत पुन्हा जायचं ठरलं. एकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा कशाला पाहायचा, असं मी विचारलं. त्यावर मिळालेलं उत्तर असं : “पहिल्यांदा रडण्यात निम्मा गेला. आता बघायचा हाय.”

ऐन वेळी दोघींना जमेना. रिकाम्या सीटचे पैसे जीपवाला सोडत नाही. म्हणून त्या जागा भरायला मला आणि नानांना नेण्यात आलं. निघताना बायकोनं एकच ताकीद दिली, “अहो, नुसते बसा, बोलू नका.”

नारायणगाव, कळंब, मंचर, पेठ, खेड इथवर जीप गाणी म्हणत गेली. चाकणला थांबली. चाकणला गाडी थांबते ही काही बातमी नव्हे. पुणे-नाशिक रस्त्यावर जन्मलेल्या माणसाच्या आयुष्याचा ठरावीक हिस्सा चाकणच्या चौकात जातो. तो आम्ही हप्त्याहप्त्यानं फेडतो. त्या अवधीत बायकांनी जीपवाल्याला उखाणा शिकवला. त्याचं अजून लग्न झालेलं नव्हतं, पण तयारी असलेली बरी.

मॉलच्या वरच्या मजल्यावर थिएटर, आणि दारात तपासणी. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला मनाई करायचा मालकाला अधिकार आहे, पिण्याचं पाणी मात्र त्यानं फुकट दिलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी जानेवारीत सांगितलं होतं. आमच्या भगिनी मंडळानं हा निकाल वाचलेला नव्हता. पहिली पर्स उघडली, शेंगा निघाल्या. दुसरीत चिवडा. तिसरीत स्टीलचा चार पुडांचा डबा, त्यात मासवडी. दारावरचा पोरगा लांबच्या जिल्ह्यातला, त्यानं नुसतं नाव ऐकूनच हात मागे घेतला. त्यात मासा नसतो, बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, कांदा, लसूण असतो आणि नुसता आकार माशाचा, हे त्याला तिघींनी एकदम समजावलं. ही जुन्नर-आंबेगावची खासियत आहे, हेही सांगितलं. पोरगा ऐकता ऐकता आवंढा गिळत होता. पण नियम म्हणजे नियम. डबा काउंटरवर गेला.

नानांच्या कोपरीतून पानाची चंची, चुन्याची डबी आणि अडकित्ता निघाला. अडकित्ता हत्यारात धरायचा की अवजारात, यावर दोन रखवालदारांची चर्चा झाली. शेवटी तो ठेवून घेतला आणि टोकन दिलं. नानांच्या अंगावरच्या घोंगडीबद्दल कुठल्याच नियमात काही नव्हतं, म्हणून ती आत गेली. आतला गारठा पाहता संबंध थिएटरात त्या संध्याकाळी दूरदृष्टीचा माणूस एकच होता. मध्यंतरापर्यंत घोंगडीच्या एका टोकाखाली मी होतो आणि दुसऱ्या टोकाखाली शेजारच्या खुर्चीतल्या एक अनोळखी काकू.

लाह्यांचा भाव मी नानांपासून लपवणार होतो, पण तो फलकावर लिहिलेला होता. मक्याचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला २,०९० रुपये जाहीर झाला होता. क्विंटलभर मका विकून लाह्यांच्या किती बादल्या घेता येतील, याचा हिशेब नानांनी बोटांवर मांडला. एका हाताची बोटंही पुरी लागली नाहीत. मग कोर्टानं मिळवून दिलेलं पाणी आम्ही पोटभर प्यालो.

तिकिटांवरून वेगळंच निघालं. पुढच्या रांगा स्वस्त आणि मागच्या महाग, हे नानांना पटेना. तमाशात पुढची जागा मानाची. सरपंच, पाटील, पाहुणे पुढं, आणि फुकटे मागं. “म्हंजी पिच्चरपासून जेवढं लांब बसायचं तेवढं जास्त पैसं? मग घरी बसल्यालं तर लय म्हाग पडलं आसंल,” ते म्हणाले. नाना हे सहज बोलून गेले. मला ते नंतर, अंधारात बसल्यावर उमगलं.

राष्ट्रगीत झालं. सिगारेटीनं भरलेली फुप्फुसं पिळून दाखवणारी ती जाहिरात आली. नानांनी तंबाखूची गोळी दाताखाली नीट सरकवली आणि समाधानानं म्हणाले, “बिडीला कधी शिवलो नाय आपण.” आणि सिनेमा सुरू झाला.

थिएटर गच्च भरलेलं, आणि त्यात पुरुष दिसत होते ते आम्ही दोघे. पडद्यावर एखादा नवरा चुकीचं वागला की पुढच्या चार रांगा वळून आमच्याकडे पाहायच्या. समस्त नवरेमंडळींच्या वतीनं हजर असलेले आम्ही दोन प्रतिनिधी. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांनीही मान खाली घातली. आमच्या गटातल्या बायकांचा सिनेमा पाठ होता. त्यामुळे रडायचा प्रसंग यायच्या आधीच त्या नाक ओढायला लागत. वेधशाळेला इतका नेमका अंदाज कधी देता आलेला नाही. ही सूचना मिळाली की घोंगडीखालच्या काकू रुमाल काढून तयार राहत. एकदा त्यांना आपला रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी न विचारता माझा घेतला. तो मला परत मिळालेला नाही.

माझा हात मात्र सारखा खुर्चीच्या दांडीवर रिमोट शोधत होता. एका ठिकाणी मला वाटलं, इथं जरा थांबवावं, पाणी पिऊन यावं. थांबवता येईना. दुसऱ्या ठिकाणी दोन बहिणींचं बोलणं असह्य झालं, म्हणून पुढं ढकलावंसं वाटलं. ढकलता येईना. ते सगळं ऐकून घ्यावं लागलं, त्या गप्प होईपर्यंत. खिशात फोन थरथरला. आडत्या असणार. उचलायला बाहेर जावं तर दहा बायकांच्या पायांवरून जावं लागलं असतं, आणि नवऱ्यांविषयीचं थिएटरातलं वातावरण पाहता ते धाडस मी केलं नाही. आडत्या वाजून वाजून थांबला. त्या सव्वादोन तासांत टोमॅटोचा भाव किती झाला हे मला माहीत नव्हतं, मोटर चालू आहे की बंद हे माहीत नव्हतं, आणि तरी मी जिवंत होतो. एवढंच नव्हे, तर माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पुसायला रुमाल नव्हता.

घरी आम्ही सिनेमाला थांबायला लावतो, आणि तो बिचारा थांबतो. जो थांबतो त्याची किंमत राहत नाही, हे एसटीच्या बाबतीत आम्हाला कळतं, सिनेमाच्या बाबतीत विसरलो होतो.

नानांना न बोलण्याची ताकीद लागू नव्हती, किंवा ऐकू आली नव्हती. पडद्यावरची एक बहीण दुसरीला टाकून बोलली तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, “आगं, सख्खी हाय ती तुजी!” सात-आठ जणींनी “शूऽऽ” केलं. पण मागून कुणीतरी म्हणालं, “खरं बोलले आजोबा.” तिथून पुढं नानांना थिएटरचा पाठिंबा मिळाला. त्यांनी सल्ला दिला की दोन रांगा होकार देत. टीव्हीपुढं बसून नाना रोजच असे सल्ले देतात. तिथं त्यांना घरातलं कुणी विचारत नाही.

शेवटी मंगळागौर सुरू झाली आणि थिएटरच उठलं. पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत फुगड्या, पिंगा, झिम्मा. त्यात आमची बायको, वहिनी, बचत गटाच्या अध्यक्ष आणि घोंगडीतल्या काकू. नाना अंगात आल्यागत टाळ्या वाजवत होते. आणि सवयीनं त्यांचा हात कोपरीच्या खिशात गेला, दहाची नोट बाहेर आली, हात वर व्हायला लागला. मी वेळीच त्यांचं मनगट धरलं. आमच्या घरातली शांतता आज टिकून आहे ती त्या एका क्षणामुळे. तसं पाहिलं तर नाना एकटे नाहीत. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ला लोक थिएटराबाहेर चपला काढून आत जात. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’नं गावोगावच्या बायकांना पदर ओले होईस्तोवर रडवलं, आणि २०१६ मध्ये ‘सैराट’ची गाणी लागली की पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचायला धावत. नुसतं बसून पाहणं आमच्या लोकांना कधी जमलेलंच नाही. ते जमतं फक्त घरी, कारण घरी नाचलं तर शेजारी काय म्हणतील!

बाहेर पडल्यावर टोकन देऊन अडकित्ता सोडवला, काउंटरवरून डबा सोडवला, आणि पार्किंगमध्ये जीपच्या बॉनेटवर मासवड्या वाटल्या. दारावरच्या त्या पोराची ड्युटी संपली होती. त्यानं तीन खाल्ल्या.

परतीच्या रात्री मंचरच्या पुढं उसाचे फड लागले की गाडीतलं बोलणं एरवी आपोआप बंद होतं. बिबट्याच्या मुलुखात राहणारा माणूस काळोखात उसाकडे पाहत नाही आणि पाहिल्याशिवाय राहतही नाही. त्या रात्री मात्र जीपमध्ये दुसऱ्या अंकाची चर्चा चालली होती, काळे गॉगल डोक्यावर होते आणि नथा हलत होत्या. बिबट्या असलाच तर त्यानं आत डोकावून पाहिलं असेल आणि वाट बदलली असेल.

काही आठवड्यांनी तोच सिनेमा मोबाइलवर आला. सगळ्या जणी आमच्या ओसरीवर जमल्या, टीव्हीला जोडून पाहायला बसल्या. थ्री फेज आली, दूधवाला आला, मुलानं ‘पॉज’ दाबला. पाऊण तासात अध्यक्ष उठल्या. म्हणाल्या, “ह्याच्यात रडूच येत नाय. कुणीतरी बदलून टाकल्याला दिसतोय.”

सप्टेंबर आला तोवर टोमॅटो उतरला आणि तिकिटाचा कॅरेटमधला हिशेब पुन्हा अवघड झाला. पण जीपवाला आता थांबायला तयार नाही. त्यानं पार्किंगमध्ये झोपायचं सोडून आत बसायला सुरुवात केली आहे, स्वतःच्या पैशानं. नवा मराठी सिनेमा लागला की तो शनिवारी आधी एकटा पाहून येतो आणि डायरी घेऊन ओसरीवर हजर होतो.

“वहिनी, ह्या रविवारी मोकळा हाय मी. पिच्चर चांगला हाय.”

“रडायचा हाय का हसायचा?” नाना विचारतात.

“रडायचा. पन त्याला दोनशे जास्त पडत्याल.”

“का रं?”

“हसायचा आसला की येताना समद्या बडबडत्यात, मला झोप लागत नाय. रडायचा आसला की खेडपासून गाडी गप. मधी चहाला तीनदा थांबावं लागतं, नाना. त्यो चहा कुनी द्यायचा?”

नानांनी डायरी मागून घेतली. चष्मा लावला. रविवारच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “शंभर घे, आन् दोन चहा आमच्याकडून. तिसऱ्या चहाच्या टायमाला मी बोलत ऱ्हाईन.”

“तुमी बोलनार आसाल तर फुकाट नेतो,” जीपवाला म्हणाला, “पन वहिनींना विचारा.”